मालाडातला राखणदार

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. मी आठवीत शाळा सोडली, पण पदवीवाले तरी कुठे आभाळाला भिडलेत. मालाडला कुंडलिकशेठच्या स्टुडिओत लाइट धरतो. लग्नात काठीवरचा दिवा उंच धरून उभं राहायचं. गावी आईला सांगितलंय, व्हिडिओ डायरेक्टर आहे. खोटं नाही. लाइटच नसेल तर डायरेक्टर काय दाखवणार.

५ फेब्रुवारी
एडिटर पळाला. शेठ म्हणाले, बाळा, मला एडिटिंग येतं म्हणून डोकं खातोस ना, मग वेसाव्याच्या रामनाथच्या पोरीची हळद तू कर. आपल्या यूट्यूब चॅनलवर लाइव्ह. तिचा भाऊ कृणाल जहाजावर आहे, सुट्टी नाही, तिथूनच बघणार. नीट केलंस तर एडिटरची फिरती खुर्ची तुझी. नाहीतर आयुष्यभर लाइट धर.
खुर्चीत बसून बघितलं. माझ्याच मापाची आहे.

८ फेब्रुवारी
एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन संपलं. शेठ म्हणतात, दोन दिवसांत भरतो. कंपन्या असल्याच भोळ्यांना लुटतात. मी नेटवरून लायसनशिवाय सॉफ्टवेअर चालू करणारा अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला. फुकट. काउंटरवरची अक्षता म्हणाली, अरे, लोकांची कुलपं फोडून देणारा काय तुझ्या प्रेमात पडलाय का? बी.कॉम. आहे ती. शिकली की माणसं भित्री होतात.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
अ‍ॅक्टिव्हेटर चालेना. अँटीव्हायरस लाल पाटी दाखवतो आणि फाइल गिळतो. दुसऱ्याची प्रगती बघवत नाही त्याला. सूचनेत लिहिलंय, आधी अँटीव्हायरस बंद करा. पण मी काही अडाणी नाही, संरक्षण पाहिजेच. सीपीयूसमोर नारळ ठेवला, अगरबत्ती लावली आणि आमच्या गावची वेस राखणाऱ्या देवाला, राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. बा राखणदारा, तुझा लेकरू परमुलखात मशीन चालवता, काय वाकडा-नाकडा इला तर वाटेतच अडव रे म्हाराजा. अक्षताला म्हटलं, होय म्हाराजा म्हण. म्हणाली, माझा पगार काउंटरचा आहे. शेवटी मीच म्हटलं.
अँटीव्हायरस बंद. अ‍ॅक्टिव्हेटर दाबला. एक काळी खिडकी आली आणि गेली. सॉफ्टवेअर उघडलं. झकास.
खोबरं अक्षतानेपण खाल्लं. तेव्हा नाही भीती वाटली.

११ फेब्रुवारी
चॅनलला मेल आला. कोणीतरी परदेशातून आत आलंय, तुम्हीच का? मी ‘होय, मीच’ दाबून टाकलं. परदेशात आपलं नाव होतंय, त्याला अडवायचं कशाला. अक्षता म्हणाली, पासवर्ड बदल. बदलला तर बाहेरची माणसं बघणार कशी? कॉमर्सला हे शिकवत नसावेत.

१४ फेब्रुवारी, दुपारी
उद्या हळद. गल्लीत मोठा पडदा लागणार. शेठ म्हणाले, कॅमेऱ्याची वायर सरळ पडद्याला जोड. मी चॅनलच पडद्यावर लावणार. किती लोक बघतायत तो आकडा सगळ्या वेसाव्याला दिसला पाहिजे. शेठना मार्केटिंग कळत नाही. नवीन शर्ट घेतला.

१६ फेब्रुवारी
काल लिहिलं नाही. नेटवर्क खराब होतं.
हळद मस्त रंगली होती. नवरी पूर्वी पाटावर, आत्या हळद लावतायत, बँड जोरात. कृणालचा मेसेज पडद्यावर आला, पूर्वे रडू नको, मी बघतोय. ती लगेच रडली. रामनाथकाकापण. एवढ्यात पडदा काळा. चॅनलच्या लोगोतला आमचा गणपती गेला, सोन्याचं नाणं आलं, आणि एक टकला गोरा इंग्रजीत सांगायला लागला, तुमची बिटकॉइनची नाणी पाठवा, दुप्पट करून देतो. बँड थांबला. पोरीची आई कमळकाकू हळदीचे हात तसेच वर धरून म्हणाल्या, ह्यो कोन पावना, नवऱ्याकरचा हाय का?
कृणालचा काकांना व्हिडिओ कॉल. बाबा, इथे कोणतरी टकला बोलतोय, पूर्वी कुठाय? काकांनी कॅमेरा तिच्याकडे फिरवेपर्यंत जहाजाची रेंज गेली. काका फोन तसाच तिच्यासमोर धरून उभे राहिले.
नजर लागली. काउंटरवरच्या बी.कॉम.ची, मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी
शेठनी मशीन तपासायला माणूस आणला. तो म्हणाला, चोर अ‍ॅक्टिव्हेटरमधूनच शिरला आणि चॅनलचं लॉगिन घेऊन गेला. त्याबद्दल चॅनलला मेल आला तेव्हा ‘मीच’ कोणी दाबलं? सगळे माझ्याकडे. चॅनलवरची जुनी लग्नं पण पुसली गेलीत. मी म्हटलं, पण बघणारे किती वाढले ते कोणीच बोलत नाही. शेठ म्हणाले, ती टकल्याची गिऱ्हाइकं आहेत रे.

२० फेब्रुवारी
आईला फोन केला. म्हटलं, तुमच्या राखणदाराने धोका दिला. सगळं ऐकून म्हणाली, अरे, राखणदाराची हद गावच्या शीमेपर्यंत. मालाडात तेका कोण वळाखता. आणि दार तूच उघडलंस, मगे तो कोणाक अडवतलो? मग विचारलं, डायरेक्टरांका असली कामा स्वतः करूची लागतत?
रेंज गेली असं सांगून ठेवला.

२२ फेब्रुवारी
मुलुंडला लग्न. नवीन चॅनल, विकतचं लायसन. लाइव्हला अक्षता बसली. फिरती खुर्ची टेम्पोत घालून आणली होती, तिच्यासाठी.
मध्येच म्हणाली, बाळा, जरा उंच धर, नवरीच्या तोंडावर सावली पडतेय.
धरला.