आठ इंची स्पीकर आणि मयूचा आवाज

४ एप्रिल, शुक्र.

मयू जरीपटक्याहून, केतकीच्या घरून आली ती चप्पल न काढताच बोलत सुटली. केतकीनं स्पीकर घेतले म्हणे. गाणं रेकॉर्ड करणारे वापरतात तसले, जोडी. "ताई, मले माझा आवाज पहिल्यांदा खरा वाटला वं."

पहिल्यांदा. ती कॉलेजात गेली तेव्हापासून मी तिचा आवाज रेकॉर्ड करतेय. याच खोलीत, याच टेबलावर. तो मग काय होता?

जेवताना आईलाही तेच सगळं सांगितलं. मी म्हटलं भाजीत मीठ कमी आहे. नव्हतं कमी.

६ एप्रिल, रवि.

केतकीकडे गेले. निमित्त तिचा डबा परत करायचं. केतकी माझी कॉलेजची मैत्रीण. गाणं बनवायचं सॉफ्टवेअर तिला मी शिकवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसवून. तेव्हा तिला माईक कुठे जोडायचा तेही माहीत नव्हतं. आता तीच मला समजावून सांगते, "साधे स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात अशू. हे मॉनिटर. जसं आहे तसंच ऐकवतात." मी मान हलवली. जणू मला माहीतच नव्हतं.

मग मयूचं गाणं लावलं. चाल के.ची, म्हणजे केतकीची. मयू समोर उभी राहून गातेय असं वाटलं. श्वास घेते तेसुद्धा ऐकू आलं.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे. खालचा आवाज, बेस, थोडा कमी वाटतो."

काहीही कमी नव्हतं. बस मिळेपर्यंत उन्हात उभी राहिले आणि स्वतःवरच चिडले. मग तिच्यावर चिडले, ते जास्त सोपं गेलं.

९ एप्रिल

दवाखान्यात माझ्या चष्म्याच्या काउंटरवर गर्दी नव्हती. दिवसभर मोबाईलवर स्पीकरचे व्हिडिओ. सगळे एकच सांगतात: खोली लहान तर स्पीकर लहान. भिंतीपासून लांब ठेवा, कानाच्या उंचीला ठेवा, घेण्याआधी स्वतःचं गाणं त्यावर ऐका.

आमची खोली म्हणजे दोन पलंग, कपाट, टेबल आणि चालायला पट्टी. तीन-चार इंची पुरेत.

पण के.चे पाच इंची आहेत.

१२ एप्रिल, शनि.

सीताबर्डीला, स्पीकरच्या दुकानात. भिशी लागली होती, म्हटलं आता नाही तर कधी. दुकानदार बरा माणूस, आधी विचारलं, "मॅडम, रूम केवढी आहे?" मी म्हटलं हॉल आहे, मोठा.

पेनड्राइव्हवर माझंच गाणं नेलं होतं, मयूनं गायलेलं. आधी चार इंची, मग पाच इंची लावले. काहीतरी खटकलं, काय ते कळेना. मग आठ इंची. छाती भरून आली. खटकणं त्या धडधडीत बुडून गेलं.

आठ इंची शोकेसमध्ये ठेवलेली जोडी होती, म्हणून स्वस्तात देत होता. तरी म्हणाला, "पाहून घ्या मॅडम, घरी हे जास्तच होतील." मी म्हटलं होऊ द्या.

ऑटोत दोन्ही खोके मांडीवर. प्रताप नगरला घरी येईपर्यंत एकच विचार, मयूचा चेहरा कसा होईल.

१३ एप्रिल

मयूचा चेहरा काही झाला नाही. "मोठे आहेत," म्हणाली. एक टेबलावर बसला, दुसरा बसेना. तो मयूच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला, तिची पुस्तकं पलंगाखाली. दोन्हींची पाठ भिंतीला टेकलेली. बेसची भोकं मागेच आहेत, भिंतीला टेकली की बेस फुगतो, माहीत आहे मला. पण जागाच नाही.

लावले तर स्वयंपाकघरातून आई आली. "काहून वं अश्विनी, भांडे काहून वाजून राहिले?" खरंच, मांडणीवरच्या ताटल्या थरथरत होत्या.

ऐकायला कूलर बंद करावा लागतो. पाच मिनिटांत घामाघूम. मयू तंबोऱ्याचं यंत्र घेऊन बाल्कनीत गेली. इथंच गा म्हटलं, तर म्हणाली, "नंतर."

१७ एप्रिल

माझी दोन गाणी नव्यानं मिक्स केली. स्पीकरवर भरदार. तीच हेडफोनवर ऐकली तर पोकळ, पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखी. म्हणजे खोलीच बेस वाढवून सांगते आणि मी तो कापत बसते. मला कळलंय. इथं लिहिते म्हणजे कळलंयच.

कोणाला सांगितलं नाही. के. विचारेल, "कसे आहेत?" मी म्हणेन, मस्त.

२१ एप्रिल, सोम.

के. आणि मयूचं गाणं पुण्याच्या एका पोराला आवडलं. छोटी फिल्म बनवतोय, शेवटी नावं येतात तिथं लावणार. नीट फायनल करून पाठवा म्हणाला. आईनं शिरा केला. मयूनं मला मिठी मारली, मीही मारली.

मयूचा आवाज माझ्या घरातला. केतकी माझ्या टेबलावर शिकलेली. आणि नाव त्या दोघींचं येणार. मी शिरा खाल्ला आणि छान झालाय म्हटलं.

२३ एप्रिल

दुपारी के.चा मेसेज. फायनल गाणं पाठवलं. "अशू, संध्याकाळी पाठवून राहिली. एकदा तुझा कान दे. मोठ्या स्पीकरवर कसं वाटते सांगजो."

सुट्टी होती. लावलं. बेस धम्म धम्म, ताटल्या वाजल्या. हेडफोन समोरच होते. लावले नाहीत.

लिहिलं, "खालचा आवाज फार आहे. बराच कमी कर."

तिचं लगेच उत्तर. "बरं झालं विचारलं. करते."

मोबाईल पालथा ठेवला. कूलर लावायचंही सुचलं नाही.

२८ एप्रिल

पुण्याहून उत्तर आलं. आधी ऐकवलेलं गाणं वेगळंच होतं म्हणे, हे पोकळ वाटतं. तो आता दुसऱ्या कोणाचं तरी गाणं ऐकतोय.

मयू पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, केतकी काय म्हणाली?

"काही नाही. म्हणे शेवटच्या दिवशी माझंच चुकलं, बेस कापला मी. काहून कापला विचारलं तर सांगतच नाही."

माझं नाव घेतलं नाही तिनं. मोठेपणातही तीच माझ्या वर. मनात पहिलं हेच आलं. लाज नंतर आली.

३ मे, शनि.

खोके परत ऑटोत. दुकानदार म्हणाला पैसे परत नाही, पण बदलून देतो. या वेळी खोलीचं खरं सांगितलं, तो हसला नाही. चार इंची घेतले. केतकीच्याहून लहान. बोचलं. बोचू दे.

टेबल भिंतीपासून ओढलं. स्पीकरखाली जुनी जाड पुस्तकं, कानाच्या उंचीपर्यंत. दोन्ही स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढ्यावरच माझी खुर्ची. कूलर बंद.

आधी के.चं गाणं, मी बेस कापायला लावण्याच्या आधीचं. बरोबर होतं. सगळं जिथल्या तिथं.

मग माझी जुनी गाणी. दुकानात काय खटकलं ते आता कळलं. मी मयूचे श्वास कापून टाकते. प्रत्येक ओळीआधीचा. स्वच्छ वाटावं म्हणून इतकी वर्षं एकेक शोधून कापत आले. ती न थांबता, न दमता गाते, भिंतीतून आवाज यावा तशी. तो आवाज खरा कसा वाटेल तिला.

४ मे

केतकीला फोन केला. आठ इंचीचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, हेडफोन समोर होते तेही.

मागं तिच्याकडचा भाजीवाला ओरडत होता.

"मले वाटलंच होतं काहीतरी चुकून राहिलं. माझ्या स्पीकरवर चांगलं वाटत होतं. तरी तुझं ऐकलं मी. तू शिकवलं म्हणून." मग म्हणाली, "तुले ऐकू आलं नाही, का ऐकायचंच नव्हतं?"

"ऐकायचंच नव्हतं."

"हं."

आधीचं गाणं तिनं कालच पुन्हा पाठवलंय. त्याचं अजून उत्तर नाही. मी म्हटलं, त्या पोराला मी लिहू का, चूक माझी म्हणून. म्हणाली, "त्याले काय करायचं आहे तुझ्या-माझ्या भानगडीशी. मयूले सांग. मी आतापर्यंत झाकलं. यापुढं तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही."

फोन ठेवताना "येजो घरी" म्हणाली नाही. नेहमी म्हणते.

७ मे

तीन दिवस टाळलं. डोकं दुखतं म्हटलं, मग कामाचं निमित्त, मग आईसमोर नको. आज कामावरून आले तर मयू तिची पुस्तकं फळीवर परत लावत होती. मी मदतीला गेले. दोघींनी मिळून लावली.

मी विचारलं, पुण्याचं काही आलं का? नाही म्हणाली. रविवारी केतकीकडे जाणार, दुसरं गाणं सुरू करतेय ती.

जळणं परत तेच. गेलेलं नाही ते. सांगितल्यावर जाईल असंही वाटत नाही.

११ मे, रवि.

मयू आत्ताच जरीपटक्याहून आली. हे लिहितेय तर दारात उभी आहे. चप्पल काढली, तोंड धुतलं, आईनं दिलेलं पन्हं न पिता तसंच हातात धरून आली.

"ताई, मी केतकीताईले परत विचारलं बेस काहून कापला. म्हणे तुझ्या ताईले विचार."

बस म्हटलं. माझ्या पलंगावर न बसता स्वतःच्या पलंगावर बसली. समोरच. आता सांगते.