एका वेळी एकच बटण

सोमवार, २ तारीख
आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि राहायला ताईच्या घरची वरची खोली. खिडकी मोठी, गादी मऊ, दारात भाचीचा पहारा. चिमणी सहा वर्षांची आहे. मावशी परत जाणार नाही ना, असं तिने मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा माझी बॅग उघडून खात्री करून घेतली. तिची छाती जन्मापासून नाजूक आहे, जीभ मात्र ठणठणीत. बाबा हल्ली इथेच असतात. भाऊजी विनोद करतात आणि स्वतःच हसतात. बोक्या नावाचा लठ्ठ बोका आल्याआल्या माझ्या धुतलेल्या कपड्यांवर जाऊन झोपला.

नोकरी कुठे, तर सांडपाण्याच्या केंद्रावर. ग्लासावर बोटांचे डाग दिसले तर मी पाणी पीत नाही, आणि मला हे काम! पण मला फक्त संगणकावर बटणं बनवायची आहेत, घाणीत हात घालायचा नाही, अशी मनाची समजूत घातली. पहिल्याच फेरीत सहा टाक्या दाखवल्या. वर राखाडी साय, त्यात केसांचे गुंते आणि चरबीचे पिवळट गोळे. शी! रुमाल लावूनसुद्धा वास जिभेवर जाऊन बसला. घरी येऊन तीनदा दात घासले.

मंगळवार, ३ तारीख
काम समजलं. सहा टाक्या, त्यांना सहा दारं, आणि दारांची सहा बटणं. सध्या तळघरात जुनं लोखंडी पॅनल आहे. त्यातलं एक बटण दाबलं की आधीचं खट् करून वर येतं, म्हणजे एका वेळी एकच दार उघडं, आणि त्या टाकीतला गाळ पलीकडच्या नाल्यात जातो. दाबलेलं बटण पुन्हा दाबून सुटत नाही. ते सोडवायचं तर दुसरं दाबावंच लागतं. सगळी दारं एकदम बंद राहिली तर गाळ उलटा फिरून गावातल्या मोऱ्यांमधून वर येतो म्हणे.

हेच मला पडद्यावर करायचंय. आमच्याकडे त्याला सोपा उपाय आहे: सहा बटणं एका गटात टाकायची आणि गटाला सांगायचं की एका वेळी एकच दाबलेलं राहील. पुढचं सगळं गट सांभाळतो.

तीस वर्षं ते पॅनल चालवणारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना पॅनलकाका म्हणतात. रोज सकाळी नऊला ते पुढचं बटण दाबतात, एक ते सहा, मग पुन्हा एक. त्यांचे हात लोखंडासारखे आणि बोलणं आजोबांसारखं. मी फार बारीक आहे, नीट जेवत जा, असं त्यांनी दिवसभरात चारदा ऐकवलं.

शुक्रवार, ६ तारीख
गट झाला तयार! नुसत्या आकड्यांनी माझा गोंधळ उडतो, म्हणून बटणांना चाचणीपुरती घरची नावं दिली. आम्हा संगणकवाल्यांची ही जुनी खोड आहे, तोंडाला येईल ते नाव टाकायचं आणि नंतर बदलू म्हणायचं. एक बाबा, दोन ताई, तीन भाऊजी, चार चिमणी, पाच बोक्या, सहा मी. भाऊजींना दाबलं की ताई सुटते. हे मी घरी सांगितलं तर ताई म्हणाली की लग्नाआधी कुठे होतं हे बटण.

काकांना मात्र हसू आलं नाही. लोखंडी बटणांवर त्यांनी तीस वर्षांत नाव लिहू दिलेलं नाही, फक्त रंगाचे ठिपके. हा गाळ आंधळा आहे, पाटी लावाल त्या घरात शिरतो, असं काहीतरी पुटपुटले. म्हातारी माणसं!

रविवार, ८ तारीख
पडद्यावरच्या पाट्या बदलल्या. आता टाकी एक, टाकी दोन, असं स्वच्छ दिसतं. अडीनडीला असू दे म्हणून तळघरातलं पॅनलही याच गटाला जोडून ठेवलं. उद्या उद्घाटन.

सोमवार, ९ तारीख
काकांनी नऊला एक नंबर दाबला. टाकी झरझर रिकामी झाली, मला शाबासकी मिळाली. काकांना एकच कोडं पडलं: पलीकडचा नाला कोरडाच राहिला. मग गाळ गेला कुठे? मी म्हटलं, पाइप जुने आहेत, मुरला असेल.

संध्याकाळी घरी आले तर बाबा बेसिनवर वाकलेले. तोंडातून काळं पाणी येत होतं. आधी वाटलं औषधाचा रंग असेल. पण त्यात केस होते, लांब केस, बाबांच्या डोक्यावर नाहीत इतके. वर चरबीचे गोळे तरंगत होते. डॉक्टर म्हणाले, पोटाचा संसर्ग. बेसिन मीच धुतलं, दुसरं कोण धुणार? तो वास मी ओळखला. ओळखला आणि वर बाटलीभर फिनेल ओतलं.

मंगळवार, १० तारीख
नऊला काकांनी दोन नंबर दाबला. ताईचा फोन आला की बाबा एकदम ठणठणीत झाले, नाश्ता मागताहेत. जीव भांड्यात पडला.

दुपारी पुन्हा फोन आला, या वेळी बाबांचा. ताईला तेच. शिवाय नखांखालून काळं झिरपतंय. पुसलं की पुन्हा.

नाला आजही कोरडा.

बुधवार, ११ तारीख
सकाळी नऊनंतर ताई बरी. भाऊजी आजारी. बादली धरून बसलेत, तरी विनोद करायला जातात आणि तोंड उघडलं की भळकन येतं. त्यांच्या कानातून ओल्या चिंधीसारखं काहीतरी लोंबत होतं. ताईने ओढलं. ते येतच राहिलं, येतच राहिलं. मी बाहेर जाऊन ओकले. माझी ओकारी स्वच्छ होती, हे बघून मला बरं वाटलं. काय ही पाळी आली माझ्यावर!

बाबा, ताई, भाऊजी. हा क्रम कुठेतरी बघितलाय असं सारखं वाटतंय.

गुरुवार, १२ तारीख
साडेनऊला ताईचा फोन. नुसती रडत होती. चिमणीला—

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी फक्त वरच्या पाट्या बदलल्या होत्या. गटाच्या आतली यादी बदलायची राहिली. उघडून बघितली. एक बाबा, दोन ताई, तीन भाऊजी, चार चिमणी. अक्षरं ओली दिसत होती. काचेवर बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं.

नावं पुसली. यादी पुन्हा उघडली तर सगळी जागच्या जागी. चार नंबर दाबून बघितलं, दाबलेलं सुटत नाही, मीच तर तसं बनवलंय. मग पाच दाबलं. बोक्या. त्या मुक्या जिवाला दाबलं मी.

मिनिटाभरात ताईने फोनवर सांगितलं, चिमणीचा श्वास परत आला. गाळ छातीत उतरला होता, डॉक्टर म्हणाले, अजून एकदा असं झालं तर ही पोर वाचायची नाही. तिने मला विचारलं की मावशी, माझ्या तोंडात कोणी घाण टाकली? मी काय सांगू तिला?

काका रागावलेत. चार नंबर अर्ध्यावर तोडला, तो आता तुंबणार म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवार, १३ तारीख
बोक्या गेला. सकाळी मोरीत पडला होता, फुगलेला. उचलायला गेले तर बोटं आत रुतली. साबणाची अख्खी वडी संपवली, वास जात नाही.

केंद्रावर आले तर पाच नंबर करडा पडून आपोआप वर आलेला. मेलेल्याचं बटण दाबलेलं राहत नाही. सहाही दारं बंद. रस्त्यावरच्या झाकणांतून गाळ वर यायला लागला, फोनवर फोन. काकांचं बोट चारकडे गेलं. चार काठोकाठ भरलाय ना, त्यांचं म्हणणं बरोबरच आहे.

मी त्यांचा हात झटकला आणि सहा दाबलं.

मी.

मग पडद्यावरच्या सगळ्याच बटणांना कुलूप घातलं, मलाही उघडता येऊ नये असं. आता कोणी दाबणार नाही. घरी जात नाही, चिमणीने मला असं बघायला नको. इथेच, या खुर्चीत.

दुपार
गोड लागतं आधी. किळसवाणं गोड. मग केस. जिभेमागे केस, ओढले की पोटापर्यंत ओढ बसते. शी शी शी. स्वतःच्या तोंडाची एवढी किळस— थुंकते तर ते हातावरून पुन्हा वर चढतं.

ताईला फोनवर फक्त एवढं विचारलं की चिमणी कशी आहे. खेळतेय म्हणाली. बस.

शनिवार, १४ तारीख
सकाळ. बोलता येत नाही. तोंड भरलेलं. वहीवर काळे थेंब—

काका आले. मला बघून रडले. म्हणाले, पोरी, या खोलीतला वायूच लागलाय तुला, डॉक्टरकडे नेतो. पण आधी चार नंबर सोडतो, नाहीतर टाकी फुटेल. पडद्याला कुलूप आहे तर असू दे, म्हणाले, खाली आपलं जुनं पॅनल—

मीच जोडलं होतं. अडीनडीला.

वहीत लिहून दाखवलं, चार नको. मोठ्या अक्षरात. पण ते वळले होते. हाक मारायला गेले तर तोंडातून नुसतं भळभळ—

जिन्यावर त्यांची पावलं. माझे पाय उचलत नाहीत. खुर्ची आपटतेय. काका. काका नको

खट्

घसा मोकळा झाला.

एकदम. श्वास येतोय. स्वच्छ, गार, किती बरं वाटलं, देवा, किती—

नाही

नाही नाही नाही. मी सुटले म्हणजे

पडद्यावरचं सहा दाबतेय, कुलूप, माझंच कुलूप. खाली आवाज देते, आता देता येतो, काका दुसरं दाबा, सहा दाबा, मला दाबा

ताईचा फोन वाजतोय. उचलत नाही मी. उचलला नाही तर अजून काही झालेलं नाही. वाजतोय. वाजतो