ठेच्याची माफी

पुणे, १२ डिसेंबर १९७८

तीर्थरूप बाबांले वच्छलाचा नमस्कार.

होस्टेलच्या बाईंचं पत्र अल्लीपूरले येईल. त्यातली तक्रार खरी आहे. इथल्या गोड वरणाले मी कंटाळली, म्हणून आईनं बांधून दिलेल्या वाळल्या मिरच्या खोलीतच स्टोव्हवर भाजल्या अन् लसूण घालून लोट्यानं ठेचल्या. ठसक्यानं अख्खा मजला खोकला. मग त्याच पोरी पोळ्या घेऊन माझ्या दारात आल्या.

बाई म्हणतात, माफी लिहून दे, नाहीतर घरी जा. खोकल्याची माफी लिहून दिली. ठेच्याची देणार नाई.

आईचा गुडघा कसा आहे? काळजी करू नका, मास्तरीण झाल्याशिवाय मी येत नाई.

अन् घरी पाठवलंच, तर सिंदीच्या त्या पाव्हण्यांले मले पाह्याले बोलावू नका. बोलावलं, तर सैपाक मीच करीन.

तुमचीच,
वच्छला