आईच्या कपाळावरची राख

ताम्हिणी,
८ मार्च १९६२

दादा,

लेंट, उपवास-पश्चात्तापाचा काळ, सुरू झालाय, खोटं लिहायचं नाही, म्हणून वर ‘प्रिय’ घातलेलं नाही.

काल राखेचा बुधवार होता. तिकडे पुण्यात चर्चमध्ये तू पाळक म्हणून शंभर कपाळांना राख लावली असशील. आईच्या कपाळाला लावायला दुपारी येतो, असं कळवलं होतंस. ती सकाळपासून पदर सावरून खाटेवर बसून होती.

तू आला नाहीस. डोंगरावरून वणवा मात्र आला. आईला उचलणं माझ्याच्यानं होईना, म्हणून तिचा हात धरून प्रार्थनेला बसले. तुझ्या प्रत्येक कार्डात असतं ना, देव राखील.

शेजारचा बहिरू दारातून ओरडला, “बाई, देवाला मागनं बोलवा. आदी घराभवतीचं गवत पेटवा. जळल्याली जागा पुन्ना जळत न्हाई.”

आम्ही दोघांनी पेटवलं. वणवा त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन विझला. देवानं राखलं, दादा, आणि पुढंही राखील, ही आशा मला आहे. तुझी नाही.

संध्याकाळी त्याच पट्ट्यातली चिमूटभर राख आईच्या कपाळाला लावली. तिला आता दिसत नाही. तिनं विचारलं, “शमुवेलचा हात का गं?”

“हो,” मी म्हटलं. “घाईत आहे, एस.टी. गाठायचीय त्याला.”

लेंटच्या पहिल्याच दिवशी खोटं बोलले. क्षमा देवाकडे मागेन.

हे पत्र टाकणार नाही. आईच्या लेखी तू येऊन गेलास. आता नाही आलास तरी चालेल.

शीलवंती