आघाताची बारा कार्डं

ती. दादास,

धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे. पण ती उत्तम नाही हे वहिनी फोनवर सांगते. तू स्वतः काहीच सांगत नाहीस. घाटात तुझी बस उलटली आणि तुझा कंडक्टर तुझ्या डोळ्यांदेखत गेला, त्याला पाच महिने झाले. तेवढ्या काळात माझी तीन पत्रं तू पचवलीस. हे चौथं. (शब्दकोशाच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला उत्तर न येण्याची सवय असते, तेव्हा मी थकलो तरी थांबणार नाही.)

माझं म्हणशील, तर सध्या माझ्या गळ्यात ‘आघात’ हा शब्द पडला आहे. आमच्या कचेरीच्या मोठ्या बाईंची पद्धत तुला माहीत आहे. अर्थ मनाने लिहायचा नाही. आधी लोकांच्या तोंडची बारा वाक्यं बारा कार्डांवर उतरवायची, शब्दाखाली रेघ मारायची, आणि खाली बोलणाऱ्याची सही घ्यायची. ‘आगाऊ’ची बारा कार्डं मला कचेरीतच एका दुपारात मिळाली होती. (बाराही माझ्याबद्दल होती.) म्हटलं, आघाताला कोण मिळणार? मनावरचा घाव कोण असा सही करून देतो?

दादा, लोकांनी रांग लावली. न्हाव्याचं एक गिऱ्हाईक हौसेने मिशी काढून बसलं आणि आरसा बघून म्हणालं, मला मानसिक आघात झालाय. वरच्या मजल्यावरच्या बाईंना लिफ्ट तीन दिवस बंद राहिल्याचा आघात झाला. त्यांनी उत्साहाने दोनदा सही केली. आमच्या शिपायाला मोठ्या बाई एकदा ‘थँक्यू’ म्हणाल्या, तो अजून सावरलेला नाही. लेकीने सांगितलं की ती सहा वर्षांची असताना मी घरीच तिचे केस कापले होते. ते प्रकरण कार्डाच्या मागच्या बाजूपर्यंत गेलं. हे ऐकून तुझ्या भावजयीने कार्डांचा अख्खा डबाच मागितला. मी तो कपाटात कुलपात ठेवला आहे.

आठवड्यात अकरा कार्डं झाली. टेबलावर मांडून बसलो आणि एकदम शीण आला. त्या लोकांवर माझा राग नाही; ज्याचं त्याला दुखतंच. पण आपली आई याला धसका म्हणायची. धसका माणूस घ्यायचा, आणि घेतला हे स्वतः कधी सांगायचा नाही, घरच्यांनाच ते कळायचं. अकरा कार्डांत तसं एकही नव्हतं.

मग वहिनीला फोन केला. ती म्हणाली, समोर बसस्टॉप आला की तू रस्ता ओलांडतोस. झोपेत उजवा पाय ताणून इतक्या जोराने दाबतोस की पलंगाची पायाकडची फळी निघाली. विचारलं तर एकच उत्तर, ‘मला काही झालेलं नाही.’ मी तेच वाक्य बाराव्या कार्डावर उतरवलं. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, यात शब्द कुठाय, रेघ कशाखाली मारणार? मी सगळ्या वाक्याखाली मारली. त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, सही राहिली आहे. मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आलं. या वयात शोभत नाही, पण आलं.

वहिनीस नमस्कार. काळजी घे.

तुझा,
धाकटा

ता. क. सही टपालाने चालत नाही. बोलणाऱ्याला कचेरीत स्वतः यावं लागतं, असा नियम आहे.

ता. क. दुसरा. असा काही नियम नाही. तू यावंस आणि महिनाभर माझ्याकडे राहावंस, एवढंच आहे. इथे मनाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. त्यांच्यापुढे गप्प बसलास तरी चालतं म्हणाल्या.

ता. क. शेवटचा. बसने यायचं नाही. शनिवारी सकाळी मी तुझ्या दारात येतो, आपण दोघं चालत निघू. बावीस किलोमीटर आहे, वाटेत बसत बसत येऊ. नको असेल तर उलट टपाली तसं स्वतःच्या हाताने लिहून कळव. तेवढ्यावरही मी खूश आहे.