हौद्याचं कोटिंग दारांना

३ फेब्रुवारी
किळस आली. दुसरा शब्द नाही. लाकूडवाल्याची जीप आज तयार झाली. टपापासून दारांपर्यंत अख्खी त्या काळ्या रबरी कोटिंगने माखलेली. पिकअपच्या हौद्यात मारतात ते. हौद्यात ठीक आहे, तिथे विटा पडतात, पहारी घासतात. पण दारांना? बोनेटला? हात फिरवला तर डांबरी रस्त्यासारखं खरखरीत. लाकूडवाला मात्र खूश. "आता फांदी घासू दे नाहीतर दगड उडू दे, ओरखडा म्हणून उठणार नाही." दादाही मान डोलवत होता. थोरला भाऊ, वर्कशॉप त्याच्या नावावर.

५ फेब्रुवारी
कोटिंग नीट धरावं म्हणून खालचा रंग आधी घासून मेलेला करावा लागतो. आज आलेल्या गाडीचा निळा माझ्याच हातचा, चार वर्षांपूर्वीचा. अजून त्यात तोंड दिसत होतं. जाडा पॉलिश पेपर घेतला आणि मीच तो घासला. स्वतःच्या हाताने! दिवसभर दादाशी बोललो नाही. डबा तसाच घरी आणला. बायको म्हणाली, "भावावरचा राग भाजीवर कशाला?"

६ फेब्रुवारी
बोटांचा वास जात नाही. थिनरने धुतली, साबणाने धुतली. शी.

९ फेब्रुवारी
दादाने शेवटी पोटातलं बाहेर काढलं. रंगकाम हळूहळू बंद करायचं, रंग फवारायच्या बंद खोलीत, माझ्या बूथमध्येही हेच कोटिंग मारायचं. म्हणे, "शेड जुळवायची कटकट नाही, खड्डे बुजवायची लांबी घोटत बसायला नको. डोळे मिटून मारलं तरी चालतं. तूच मारायचंस."
माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं रंग मारतोय मी. शेडकार्ड न उघडता नुसत्या नजरेने रंग जुळवतो, आणि आता ही घाण फवारू? बूथ गेला तर मी कोण उरतो? हे सगळं तोंडावर बोललो. दादा खाली बघून नखं कोरत बसला. मग म्हणाला, "बाईंच्या गाडीचं दार कर. मग ठरवू."
बाई म्हणजे समोरच्या शाळेतल्या. पांढरी गाडी, डावं दार खांबाला घासलंय. ठीक आहे. या एका दारावर बूथ वाचवून दाखवतो.

१२ फेब्रुवारी
लांबी भरली, घोटली, प्रायमर मारला. पत्रा गुळगुळीत. दादा दोनदा येऊन डोकावून गेला.
तिकडे लाकूडवाला जीप धुवायला घेऊन आला. खरखरीत दाण्यांत चिखल जाऊन बसलाय, फडकं फिरवलं की फडक्याचेच धागे अडकतात. मला हसू आलं.

१४ फेब्रुवारी
झालं दार! लोकांना वाटतं पांढरा सोपा. पांढऱ्याइतका दगाबाज रंग नाही. पिवळा थेंबभर जास्त पडला तरी दार परक्या गाडीचं दिसतं. तीन वेळा टिंट बदलला. क्लिअर कोट मारून उन्हात उभं केलं — शेजारच्या पत्र्याशी तंतोतंत. सांधा कुठे ते शोधून दाखवा म्हणावं. दादाला हाक मारली. त्याने बराच वेळ पाहिलं. "चांगलं झालंय," म्हणाला आणि पाठ फिरवली. कौतुक करायला जीभ जड झाली त्याची. बाई परवा येणार आहेत. आता बघू बूथ कोण बंद करतो.

१६ फेब्रुवारी
दुपारी दादाने मला पॉलिश पेपर आणायला बाजारात पिटाळलं. दुकान बंद होतं, लगेच परतलो. बूथचं दार अर्धवट लोटलेलं. आत दादा, हातात माझी रंगाची स्प्रे गन. वर्षानुवर्षं ज्याने गन धरली नाही तो माझ्या दाराच्या कडा झाकून पुन्हा रंग मारायच्या तयारीत. शेजारी बाई. "हो, पिवळंच दिसतंय," त्या म्हणत होत्या. दादा म्हणाला, "त्याला बोलू नका, बाई. डोळ्यांचं त्याला अजून कळलेलं नाही आणि मला सांगवत नाही. वर्षभर त्याच्या शेड मीच मागून दुरुस्त करतोय. म्हणून तर ते काळं आणलं, निदान गन त्याच्या हातात राहील."
मी बाहेरूनच दाराकडे पाहिलं, मग शेजारच्या पत्र्याकडे. डोळे चोळून परत पाहिलं.
मला दोन्ही एकसारखेच पांढरे दिसतात.