त्रिज्या

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्या बरंच पुढे गेलंय. मीही आता गणितच शिकवते. दरवर्षी शाळेत वर्तुळाचा धडा जवळ आला की माझं बोलणं कमी होतं. घरातले विचारत नाहीत, त्यांना सवय झाली आहे.

लखनौच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय. तुम्ही हजरतगंजच्या ऑफिसातून सायकलने आलेले, दिवसभर नकाशे काढून बोटं शाईने काळी झालेली, आणि तसेच फरशीवर बसता. ताट पालथं ठेवून कडेकडेने खडू फिरवता, ताट उचलता. "याचं केंद्र कुठे?" मी बोट ठेवते. "यहीं कहीं होगा." तुम्ही चिडता. "कहीं होगा म्हणजे? अंदाजाने बोट ठेवायचं नाही, पोरी. दोन जीवा काढ. दोन्हींचे लंबदुभाजक काढ. ते जिथे भेटतील तिथे केंद्र." मी म्हणते, "पापा, स्कूल में इसे वृत्त बोलते हैं." "शाळेत बोल. या घरात वर्तुळ." आई मध्ये पडते, "आता ते ताट द्या इकडे, जेवायचं कशात?" तरी तुम्ही हसत नाही. नागपूर सोडून नोकरीसाठी इतक्या लांब आलेल्या माणसाला स्वतःची मुलगी घरात हिंदीत उत्तर देते तेव्हा काय वाटत असेल, हे मला कळण्याचं ते वय नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तुम्ही ऑफिसात टेबलावरच कोसळलात. शिपाई मला शाळेतून न्यायला आला. "चलो बिटिया, पापा की तबीयत ठीक नहीं है." वाटेत त्याने माझं दप्तर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं, तेव्हाच मी घाबरले. तुमचा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता आणि वाचाही गेली होती, एक शब्द सोडून. पाणी हवं, त्रिज्या. कूस बदलायची, त्रिज्या. आई दिसली की त्रिज्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टर म्हणाले, "ऐसा होता है, कभी-कभी एक ही लफ़्ज़ बच जाता है." सिस्टरने मला विचारलं, "त्रिज्या तुम्हारा नाम है?" मी हो म्हटलं. मग वॉर्डात सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले.

तुमच्या खाटेशी बसून मी मराठीत बोलायला लागले होते, अडखळत, चुकत. तुम्ही ऐकायचात. एका दुपारी मात्र तुम्ही तेच तेच म्हणत राहिलात, आवाज चढत गेला. पाणी हवंय? ब्लँकेट देऊ? आईला बोलावू? प्रत्येक वेळी तुम्ही जोरात मान हलवलीत. शेवटी मी तुमच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि समोर वर्तमानपत्राची कोरी कड धरली. रेघ थरथरत वळली, वळत गेली, आणि टोकाला टोक मिळायच्या आधीच थांबली. मी तुमचा हात धरून ती पुरी करायला गेले. तुम्ही माझा हात झटकलात आणि भिंतीकडे तोंड फिरवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली चहा आणायला गेली, तेवढ्यात तुम्ही गेलात.

इथली चार मराठी घरं जमली, त्यांनी बुद्धवंदना म्हटली. काही महिन्यांनी आईला तुमच्याच ऑफिसात फायली लावायचं काम मिळालं. संध्याकाळी घरी आली की पदराने तोंड पुसत ती मध्येच विचारायची, "काय म्हणायचं होतं गं त्यांना त्या दिवशी?" वर्षानुवर्षं विचारत राहिली. मी गणितात एम.ए. केलं तेव्हाही विचारलं, जणू आता तरी मला सांगता येईल. आता तीही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टेबलावर आहे तिथेच राहील. वडील शेवटी काय म्हणाले, असं अजूनही कुणी कुणी विचारतं. मी सांगते, काही नाही, वाचा गेली होती त्यांची.